देवीला विचारलेलं गाणं

कट्टा गावच्या हायस्कुलात मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. कवी कुठल्याही देशातला असो, माझ्या तावडीत सापडला की त्याची मध्यवर्ती कल्पना काढून, अलंकार सोलून, दोन मार्कांच्या उत्तरात बसवल्याशिवाय मी त्याला सोडत नसे. त्यामुळे बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेली माझी मुलगी कानात वॉकमनची बोंडं घालून दिवसभर एकच इंग्रजी रॉक गाणं ऐकायला लागली, तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्याच खात्यातलं काम.

मी तिच्यासाठी डी.एड. ठरवलं होतं. जवळचं कॉलेज, मग जवळचीच शाळा, संध्याकाळच्या एस्टीने घरी. ती हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. बोलणंच कमी झालं होतं. नुसती ऐकायची. माझं नव्हे, गाणं.

कॅसेट तिच्या गोव्याच्या मामाने दिलेली. डबीत घडीचा कागद होता आणि त्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत गाण्याचे शब्द. ती आंघोळीला गेली की मी तो कागद काढून शब्दकोश उघडून बसायचो. गाणं साधारण असं होतं: आई, दिवा मालव, मी या वाटेने परत येणार नाही, पाण्याला माझं नाव ठाऊक आहे, दार उघडं आहे, दार उघडं आहे. हे दार तर गाणारा इतक्या वेळा उघडं ठेवायचा की विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी लाल शाईने ‘पुनरुक्ती’ लिहून मार्क कापला असता.

पण इथे मी शब्दकोश मिटला. आमचं घर खाडीला लागून. अंगणात विहीर. आणि ‘पाण्याला माझं नाव ठाऊक आहे’ म्हणजे काय?

कागदाच्या मागे गाणाऱ्याचा फोटो होता. केस डोळ्यांवर, गालफडं बसलेली. ‘कवीवरील प्रभाव’ या मथळ्याखाली मी मनातल्या मनात लिहिलं: उपासमार.

त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. ती संध्याकाळी खाडीकाठच्या खडपावर जाऊन बसायची, मी मागोमाग. ओळखीचं कोणी भेटलं तर सांगायला निमित्त हवं म्हणून मासळी घ्यायचो. घरात बांगड्यांचा पूर आला.

“परत बांगडे?” बायको पिशवीत डोकावून म्हणाली. “पावणे येतत की काय?”

शेवटी मी बायकोला अर्थ सांगितला, ओळीओळीने, संदर्भासहित स्पष्टीकरण. तिने खोबरं किसता किसता ऐकलं आणि विळी बाजूला सारली.

“म्हणजे चेडू खंयतरी जातला म्हणता?” तिने मुलीच्या खोलीकडे बघत विचारलं.

“तसं ध्वनित होतंय.”

“ध्वनित जावंदे. देवळात जाऊन कौल लावया.”

आमच्याकडे हे असंच. रेडा हरवला, लग्न अडलं, कलमांची बाग कुणाला द्यायची, सगळं देवीला विचारायचं. मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण रॉक गाण्याचा अर्थ लावायला देवीकडे गेलेला इंग्रजीचा मास्तर त्या पंचक्रोशीत तरी मी पहिलाच असणार.

बायकोने मुलीलाही सोबत घेतलं. गुरवाने कळ्या लावल्या, हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “काय इचारूचा, मास्तरानू?”

मुलीसमोर काय सांगणार? “म्हणजे... एकंदर आशय...”

“आशय नको. देवी होय सांगता नायतर नाय. नीट इचारा.”

“चेडू हंय रवतला काय जातला, तां इचारा,” बायकोने सोक्षमोक्ष लावला.

“खंय जातला?” मुलीने बोंडं काढली.

“तुझ्या गाण्यात आसा तां. बाबांनी वाचल्यानी.”

“गाण्यात?” ती माझ्याकडे बघत राहिली. “बाबा, शब्द कोण आयकता? माका तेचे ढोल आवडतत. आपल्या पालखीक वाजतत ना, तसे.”

माझी सगळी मध्यवर्ती कल्पना सभामंडपात पालथी पडली. मी गुरवाला थांबवायला हात वर केला, पण त्याचं गाऱ्हाणं सुरू झालं होतं. “बा देवी म्हाराजा, ह्या चेडू जर घर सोडून जातला आसात...” आणि गाऱ्हाण्याला सगळ्यांनी द्यायचा होकार सवयीने माझ्याच तोंडून निघाला, “व्हय म्हाराजा!”

उजवी कळी पडली. टपकन.

समईची वात चरचरली. मी मुलीला म्हणालो, “चल, झालं. गाण्याचा काही संबंध नाही ना? मग कौलाचाही नाही.”

ती खाली पडलेल्या कळीकडे बघत होती. “गाण्याचो नाय,” ती म्हणाली. “पण माका जावचा आसा. पुण्याक. हॉटेल मॅनेजमेंट करूक. तुमका सांगूचा कसा, ताच कळना नाय होता.”

घरी आल्या आल्या मी परत कागद काढला. ओळीओळीत शोधत बसलो. बायको चुलीजवळून म्हणाली, “गावला काय हॉटेल मॅनेजमेंट? खंयच्या ओळीत आसा?”

डी.एड.ची बाजू मी तरीही दोन दिवस लढवली. पण देवीच्या उजव्या कौलापुढे मास्तराचं कोण ऐकणार? त्यातून ‘व्हय म्हाराजा’ मीच म्हटलेलं, गुरवाच्या साक्षीने. जूनमध्ये तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिने हात हलवला आणि बोंडं कानात घातली. कॅसेट मात्र नवीन. जुनी तिने माझ्या टेबलावर ठेवली होती.

हल्ली संध्याकाळी ती लावून बसतो. शब्द सोडून फक्त ढोल ऐकायचे, असं ठरवून. थोडा वेळ जमतंही, बोटं टेबलावर चालायला लागतात. मग गाणं ‘दार उघडं आहे’ला येतं आणि मी उठतो, पडवीत जाऊन कडी काढतो, वाटेकडे बघून येतो.

“कोण ईला?” आतून बायको विचारते.

“कोण नाय.”

“मग दार लावा. कुत्रो भितर येतलो.”

मी दार लोटतो. कडी घालत नाही.