टेबलावरचा पाइपचा तुकडा

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी, तळोज्याच्या आमच्या लॅबमध्ये फार विचित्र प्रकार घडला.

मी स्टीलचा कडकपणा तपासते. त्या दिवशी गॅसच्या नव्या पाइपलाइनच्या एका जोडाचा तुकडा आला होता, आदल्याच दिवशी वेल्डिंग केलेला. ही लाइन करंजाड्याला माझ्या बहिणीच्या सोसायटीसमोरून जाते.

मशीनचं हिऱ्याचं टोक स्टीलवर दाबलं की बारीक खड्डा पडतो. खड्डा जितका लहान, तितकं स्टील कडक. पाइपवर सगळं ठीक होतं, पण वेल्डिंगच्या अगदी कडेला खड्डे इतके लहान, की मी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

स्टील तेच असतं हो... सावकाश थंड झालं तर चिवट राहतं, झटकन थंड झालं तर कडक होतं आणि ठिसूळही. त्यात वेल्डिंगच्या ओल्या रॉडमुळे आत हायड्रोजन अडकला, तर बघायलाच नको.

रिपोर्ट न्यायला साइटचा इंजिनिअर आला होता. खाडीचा वारा सुटला होता आणि गरम जोड झाकायचा राहिला, हे त्यानंच सांगितलं. त्याच संध्याकाळी पाइपवर माती टाकायची, म्हणून रिपोर्टची घाई... "मॅडम, बाकी सगळं पास आहे ना, मग तेवढं एक सोडा," म्हणाला.

मी नाही म्हणणार तेवढ्यात लाइट गेली. एसी बंद, मशीन बंद... आणि त्या शांततेत आवाज आला. टक्.

कुणी नखानं टेबल वाजवावं तसा. टेबलाजवळ कुणीच नव्हतं. सॅम्पल कापणारे म्हात्रेकाका शेजारच्या खोलीतून डोकावले. "ताई, कोन वाजवतंय?"

परत... टक्. अंगावर काटा आला.

तुकडा हाताला थंडगार लागत होता. मोबाइलचा टॉर्च मारला, तर वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी रेघ. सकाळी नव्हती. कुणी हातही न लावता ते स्टील आतून फुटत होतं... आत हायड्रोजन अडकला की असं उशिरा फुटतं हे वाचलं होतं, ऐकलं पहिल्यांदाच.

इंजिनिअरनं वाकून ती रेघ पाहिली. मग तिथूनच फोन लावला. "माती टाकू नका. कालचे सगळे जोड उघडे ठेवा."

तपासणीत आणखी एक जोड तसाच निघाला. दोन्ही कापून नव्यानं केले, या वेळी आधी तापवून, नंतर नीट झाकून. आता ते चांगले आहेत.

जे मातीखाली कुणाच्या नकळत फुटलं असतं, ते आमच्या डोळ्यांदेखत फुटलं. आभार नेमके कुणाचे मानायचे, कळत नाही... मानते मात्र.