परखीचं भोक

हे मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. चौथीपर्यंत शिकले, म्हणून लिहिता येतं. बोलणं मात्र मला नेहमीच जड गेलं. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत. त्या लाजेचा मी काय उपयोग करून घेतला, ते तुम्हाला सांगते.

इतवारीतला दाण्याचा बाजार नव्या यार्डात गेला, तेव्हापासून मी तिथे झाडायला जायचे. जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत, ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. यार्डात बाजार समितीचा माणूस ओट्यावर उभा राहून बोली मोठ्यानं पुकारी. आम्हा बायांनाही ते ऐकायला बरं वाटायचं. पण एक जुनी रीत तशीच राहिली होती — खाली सांडलेलं धान्य झाडणारीचं.

व्यापारी पोत्यात परखी खुपसतो — लोखंडाची टोकदार नळी — आणि आतले दाणे काढून पाहतो. नळी निघाली की पोत्याला भोक राहतं. ते सुतळीच्या बोळ्यानं बुजवायचं काम माझं होतं. आणि मी — सगळीच भोकं बुजवत नव्हते.

घरी कोणी उपाशी होतं का? नाही. नवरा मिलमध्ये होता. मग काय? दुसऱ्या झाडणाऱ्या बायांची सुपं सांडलेल्या दाण्यानं भरायची, माझं नाही. एकदा शेवंता सगळ्यांसमोर म्हणाली, "तुह्या सुपात तं चिमण्याबी येनार नाही वं!" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या दिवसापासून — पण नाही, शेवंताचं नाव कशाला घेऊ? बोट माझं होतं. बोळा लावणं सोडाच, मी भोकात बोट घालून ते मोठं करायचे.

एकदा पार्वताबाईंची तूर आली. त्या उमरेडकडच्या, स्वतः गाडी हाकत यायच्या. घरून मोजून भरलेलं त्यांचं एक पोतं काट्यावर कमी भरलं. जुन्या बाजारात त्यांचं कोणी ऐकलं नसतं. इथे त्या थेट समितीच्या साहेबांकडे गेल्या, आणि साहेब खाली ओट्यावर आले. शेतकरी बाईसाठी साहेब खाली आलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

ते पोतं किसनभाऊ हमालांनी उचललं होतं. पोती उचलायच्या लोखंडी आकड्यानं ती फाटतात म्हणून यार्डात आकड्याला बंदी होती. पण किसनभाऊंच्या कमरेला जुन्या सवयीनं आकडा होताच. साहेबांनी भोक पाहिलं, मग आकडा पाहिला.

"साहेब, म्या आकडा लावलाच नाही जी. परखीचं भोक हाय हे."

"परखीचं भोक एवढं असतं का?"

मग साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही इथंच होत्या. काही पाहिलं?"

माझ्याआधी किसनभाऊच बोलले, "तिले काहून विचारता साहेब? ते तं आमच्याशीबी बोलत नाही. भेऊन जाईल बिचारी."

त्यांनीच मला सोडवलं. मला काय म्हणायचं होतं? भोक परखीचंच आहे — एवढंच ना? पण मग ते मोठं कोणी केलं, हेही विचारलं असतं. मी पदर तोंडाला लावला. बाई लाजली, असं सगळ्यांना वाटलं. मी तसं वाटू दिलं.

यार्डात हमालाला पितळी बिल्ला लागायचा. बिल्ला नाही तर फाटकातून आत येता येत नसे. किसनभाऊंचा बिल्ला त्याच दिवशी काढून घेतला. पुढे ते इतवारीत हातठेला ओढायचे, त्या वयात. दिसले की विचारायचे, "बरं हाय ना वं बाई?" मी नुसती मान हलवायचे.

बाजार सुधारला. खरंच सुधारला. सांडलेला दाणा शेतकऱ्याच्या पोत्यात परत जाऊ लागला, आणि आम्हाला रोजी ठरली. झाडणाऱ्या बायांनाही बिल्ले मिळाले. साहेबांनी पहिला माझ्या हातात दिला. म्हणाले, ही बाई कोणाच्या भानगडीत नसते.

मी तो घेतला. लुगड्याला लावला. काम सुटेपर्यंत रोज लावत राहिले.