बिनआवाजाची शर्यत

सरकारी कचेरीची पायरी चढताना माणूस एक तर चिडलेला असतो, नाही तर लाचार. या दोन्हींपैकी काहीच न होता, देवळात जावं तसा वर येणारा आणि नकार घेऊन तेवढ्याच शांतपणे खाली उतरणारा माणूस मी सगळ्या नोकरीत एकच पाहिला. ते माझ्या मेव्हणीचे सासरे. मी वनखात्याच्या तालुक्याच्या कचेरीत कारकून, त्यामुळे हे गृहस्थ जवळजवळ वर्षभर माझ्याच टेबलापुढे उभे होते. उभे म्हणजे अक्षरशः उभे. खुर्ची दिली तरी बसत नसत. "मामा, बसा की," म्हटलं की खालच्या आवाजात म्हणायचे, "साहेब, घरी मी तुमचा पाव्हना. हितं अर्जदार. मला खुर्ची दिली तर माझ्या मागच्यानं काय करायचं?" मागे बहुतेक वेळा कोणीच नसे. चहाचंही तेच. घरी मात्र हेच मामा बशीत ओतून तीन-तीन कप रिचवायचे, मला 'पाव्हनं' म्हणायचे आणि अर्जाचा अ काढायचे नाहीत. एकदा जेवताना न राहवून मीच विषय काढला, तर भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सोमवारी कचेरीत इचारा."

मामा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याच्या काठाने चालत पाणी राखणारा माणूस. उभी हयात त्या काठावर गेल्याने त्यांना अंतर फक्त पावलांत समजायचं. मेव्हणीच्या लग्नात जानवसा किती लांब आहे, असं कोणीतरी सहज विचारलं. मामा म्हणाले, "चारशे बारा पावलं. पन नवरदेवाचं बूट नवं हायती, त्याला चारशे तीस पडतील." लोक हसले. मी नंतर गुपचूप मोजून पाहिलं. चारशे बाराच भरली.

निवृत्तीनंतर त्यांचं पहाटेचं चालणं सुटलं नाही, फक्त कालव्याऐवजी डांबरी सडक आली. त्याच सडकेच्या कडेने गावातल्या शाळेच्या मुली पळण्याचा सराव करायच्या. दुसरी जागाच नव्हती. एका बाजूला उसाची शेतं, दुसऱ्या बाजूला आमच्या खात्याचा राखीव माळ. हंगामात उसाच्या ट्रॉल्या डुलत डुलत जायच्या, आणि अशाच एका ट्रॉलीने नववीतल्या एका मुलीला कडेला लोटलं. पाय मोडला. मामा दीडशे पावलांवर होते. तिला उचलून त्यांनीच दवाखान्यात नेलं. पायाला प्लास्टर घातलं जात असताना ती मामांना म्हणाली होती, "आजोबा, मी आता पळनार न्हाई का?" त्याच आठवड्यात त्यांचा पहिला अर्ज आला. ट्रॉलीची भीती नसलेल्या राखीव माळावर, निदान एका सकाळी, मुलींची धावण्याची शर्यत घेण्याची परवानगी मिळावी.

आता त्या माळावर काळविटांचा कळप. तिथे गवताची काडी हलवायची तरी कागद लागतो. पहिला अर्ज परत गेला, कारण त्यात मुलींची संख्या नव्हती. दुसरा गेला, कारण ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला नव्हता. तिसरा नकाशाअभावी. दर वेळी परतीचं पत्र हातात देताना मीच ओशाळायचो, आणि मामाच मला धीर द्यायचे, "बरं झालं सांगितलंत. चूक माझीच हुती." चौथ्या वेळी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनाने काढलेला नकाशा आणला. त्यात प्रत्येक बाभळ होती, प्रत्येक वारूळ होतं. खात्याच्या नकाशात नसलेला एक ओढाही होता. मी चौकशी केली. ओढा खरोखरच होता.

तोवर कचेरीत नव्या मॅडम अधिकारी म्हणून आल्या होत्या. वयाने लहान, पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या. 'वन्यप्राण्यांस होणारा संभाव्य त्रास' या रकान्यात सगळे अर्जदार 'निरंक' लिहितात. मामांनी पान भरून लिहिलं होतं. कळप उजाडताना पाण्यावर येतो, ऊन चढू लागलं की उत्तरेच्या बाभळींकडे सरकतो, गाभण माद्या दक्षिणेच्या टेकाडामागे असतात. म्हणून शर्यत साडेआठला आणि पूर्वेच्या कडेने ठेवली आहे. मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"ही माहिती तुम्हाला कोणी दिली?"

"त्यांनीच."

"त्यांनी म्हणजे?"

"हरनांनी. तीन महिनं रोज पहाटं जाऊन बसतूय."

मॅडमचा चेहरा कडक झाला. "माळावर? परवानगीशिवाय?"

"न्हाई, न्हाई. कुंपनाच्या भाईर. आत जायला परवानगी कुटं हाय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या उभ्या राहिल्या. अर्जदारासाठी उभा राहिलेला अधिकारी मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. वरच्या कचेरीत त्या स्वतः फाईल घेऊन गेल्या. परवानगी आली ती चौदा अटींसह: भोंगा नाही, शिट्टी नाही, झेंडे नाहीत, प्लास्टिक नाही, भडक कपडे नाहीत. मामांनी त्या वाचल्या आणि खाली आपल्या हाताने पंधरावी लिहिली, 'टाळ्या-आरोळ्या नाहीत.'

गावात हाहाकार उडाला. साध्या बारशाला डीजे लावणारं आमचं गाव. सरपंचांचं भाषण तयार होतं, फ्लेक्सवर फोटो कुठला टाकायचा तेही ठरलं होतं. मामा त्यांना म्हणाले, "भाषान सडकंवर करा, मी पयल्या रांगंत बसून ऐकतो. आत गेल्यावर त्वांडाला कुलूप." मग त्यांनी सभामंडपात गप्प बसण्याची तालीम घेतली. आया-बापांना समोर बसवायचं, मुलींना पळवायचं, आणि कोणी आवाज काढला की सुरुवातीपासून. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. चार संध्याकाळी हे चाललं.

शर्यतीच्या सकाळी मामांनी खांद्यावरचा टॉवेल वर धरला आणि खाली सोडला. मुली सुटल्या. तसली शर्यत मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. अख्खं गाव कडेला उभं आणि ऐकू काय येत होतं, तर मातीवर पडणारी पावलं आणि मुलींचा श्वास. लांब उत्तरेच्या बाभळींपाशी कळप माना वर करून उभा होता. एक काळा नर दोन पावलं पुढे आला, आणि आता सगळे उधळणार असं वाटलं. तो तिथेच थांबला. पहिली आलेल्या मुलीला सरपंचांनी दोन्ही हात हवेत नाचवून शाबासकी दिली. सगळ्यात शेवटी ती पाय मोडलेली मुलगी आली, किंचित लंगडत. रेषेच्या अलीकडे ती थांबली, वाकली. आता बसते असं वाटलं. तेवढ्यात त्या शांततेत एक आवाज फुटला, "पळ गं माझे माय, पळ!" ओरडले होते मामाच. मुलगी पळाली.

तिसऱ्या दिवशी मामांनी अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं, 'अट क्रमांक पंधराचा भंग अर्जदाराकडून एकदा झाला. कळप हलला नाही. तरी अर्जदार शिक्षेस पात्र आहे.' मॅडमनी तो कागद तसाच फाईलला लावला.

पुढच्या साली पाऊस झाला नाही. माळावर एकच पाणवठा उरला आणि परवानगी नाकारली गेली. ते पत्र मीच मामांना दिलं. त्यांनी चष्मा पुसून ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "बराबर हाय," म्हणाले. "औंदा त्यांच्याच अंगात पळायचं बळ न्हाई." आणि पायऱ्या उतरून गेले.

परवा सकाळी लवकर कामाला निघालो होतो. धुकं होतं. सडकेच्या कडेने मुली ओळीने पळत येत होत्या आणि त्यांच्या मागे, बरंच मागे, मामा चालत होते. हातात मोठी बॅटरी. ट्रॉलीचा आवाज आला की वळून उभे राहायचे आणि ती बॅटरी सावकाश डावी-उजवी हलवायचे. ट्रॉली हळू व्हायची, लांबून जायची. मी गाडी बाजूला घेतली, हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं. मुलींची पाठ दिसेनाशी होत होती आणि मामा जमेल तेवढं भरभर पाऊल उचलत होते.