मिश्रीचा वास

परवा वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, उमरग्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. काय होतंय ते सांगायचीच लाज वाटत होती... मला नसलेला वास येतो.

आई श्रावणात गेली. दिवाळीनंतर मला जबर सर्दी-ताप झाला आणि त्यातून उठले तेव्हापासून घरात मिश्री भाजल्याचा वास येऊ लागला. आई दात घासायला तव्यावर तंबाखू भाजायची, तेव्हा अख्खी गल्ली शिंकायची. शेजारच्या काकू ओरडायच्या, "अगं, सांगून तरी भाजत जा!"

आता घरात मिश्री कुणीच लावत नाही. पहिल्यांदा वास आला तेव्हा मी धावत स्वयंपाकघरात गेले, तर तवा थंडगार...

आत्या म्हणाली, "दहाव्याला पानात मिश्री ठिवायची राहिली. जीव अडकलाय तिचा." सर्दीनंही असं होत असेल, असं मी म्हटलं तर, "बी.एस्सी. झालीस म्हणून लई कळायलंय व्हय गं?" घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे हे ऐकायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी भाकरीवर चिमूटभर मिश्री घालून कावळ्यासाठी पत्र्यावर ठेवली. वास काही थांबला नाही... पण रोज रानातून आले की ते विचारायचे, "आला का गं आज?"

मला जेवण जाईना. आपल्याला वेड तर लागत नाही ना, ही भीती कुणाला सांगणार? शेवटी मीच हट्ट धरला, दवाखान्यात जाऊ.

डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून नाक तपासलं. "वेडबिड काही नाही. सर्दीनं वासाची नस दुखावली की असे वास येतात. हळूहळू जाईल बहुतेक." सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायला सांगितलं, पुन्हा दाखवायला बोलावलं. मला तिथंच रडू फुटलं... इतकं हलकं वाटलं.

स्टँडवर अण्णांनी विचारलं, "जाईल म्हनं त्यो वास?"

"व्हय, अण्णा."

त्यांनी दवाखान्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "जाऊ दे. तू बरी हो. फकस्त जायला लागला की सांग मला... ती गेली तवा म्या रानात हुतो."

तुमच्यापैकी कुणाला असा वास येत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. एवढ्यासाठीच लिहायला बसले होते.

नाक धुवायचं पाणी अण्णाच उकळून, कोमट करून देतात. काल संध्याकाळी वास आला, पण अगदी फिका... मी म्हटलं, "अण्णा, आलाय." त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसले. वास जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.