विहीणबाईंची डावी चप्पल

सकाळी जावयाचा, संतोषचा, फोन आला. “आण्णा, आई गेली.” मी पहिल्यांदा विचारलं, “कोण म्हणतंय? डॉक्टर येऊन बघितले का?” तो म्हणाला, “मीच बघितलो.” आडत दुकानात हिशेब लिहिण्यात माझा जन्म गेला. दुसऱ्यांदा पडताळल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. निर्मलाबाईंच्या बाबतीत तर मी तिसऱ्यांदाही पडताळत असे. त्या माझ्या मुलीच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, राहणार मादन हिप्परगा. डाव्या पायाने लंगडत चालायच्या. त्या पायाच्या चपलेला मोच्याकडून दोन बोटं जाड तळ लावून घेतलेला. लहानपणी बैलगाडीतून पडल्या, असं सोयरीक जुळवताना आम्हाला सांगितलं होतं. आम्ही न विचारताच सांगितलं, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं.

सुजाताचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, आमच्याकडे बिदरला, मैलूरमध्ये झालं. मुलगी पायाळू. म्हणून डॉक्टरांनी दीड महिन्याने खुब्याची सोनोग्राफी करायला लावली. डाव्या खुब्याची वाटी उथळ निघाली. कोन अठ्ठेचाळीस अंश, हवा होता साठच्या वर. कलबुर्गीच्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला पट्ट्यांचं अंगडं चढवलं... गुडघे वाकलेले, मांड्या फाकलेल्या, बेडकासारखी. अंघोळ बंद, अंग नुसतं पुसून घ्यायचं. पट्टे जिथे बसवले तिथे त्यांनी पेनाने खुणा केल्या. खूण हलली तर घेऊन या, पोरगी पाय झाडायची थांबली तरी घेऊन या, म्हणाले. पट्टा मध्येच सुटला तर पुढे शस्त्रक्रिया, नाहीतर आयुष्यभर पाय ओढत चालणं. हे सासरी कळवायला मी तयार नव्हतो. सुजातानेच कळवलं.

पुढच्या तपासणीला गेलो तर निर्मलाबाई आमच्याआधी दवाखान्यात येऊन बसलेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. आळंदची बस धरून एकट्याच आलेल्या. बाळाला मांडीवर घेतलं, पाय निरखले, आणि “गोरी हाय,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर एकही तपासणी त्यांनी चुकवली नाही. मला वाटे, या पुरावा गोळा करायला येतात. उद्या ‘तुमच्याकडची खोट आमच्या घरात आली’ म्हणायला बरं. एकदा आम्ही औषधं घेऊन परतलो तर त्या डॉक्टरांच्या खोलीतून एकट्याच बाहेर पडत होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, “घामोळ्याचं इचारले.” घामोळं विचारायला दार लावून घ्यावं लागतं का?

त्या आमच्याकडे मुक्कामाला आल्या की मी पट्ट्यांवरच्या खुणा बघायचो. तेल चोळून पाय सरळ ताणल्याशिवाय जुन्या बायकांचं समाधान होत नाही, हे मला माहीत होतं. खुणा मात्र नेहमी जागेवर. तरी माझा संशय गेला नाही. काढून पुन्हा बरोबर खुणेवरच बसवत असतील, असं वाटे. एकदा त्यांनी मला पाळण्यावर वाकलेलं पकडलं.

“आण्णा, काय हुडकायलाव?”

“काही नाही... डास होता.”

“मग घावला का डास? का मीच चावायलेय पोरीला?”

स्वयंपाकघरातून सुजाताचं हसू ऐकू आलं. मी पेपर उघडला.

तीन महिने झाल्यावर आम्ही सुजाताला सासरी पोचवायला गेलो. कोन सत्तावन्नवर आला होता. पट्टा अजून होताच. गल्लीतल्या बायका झबली-टोपडी घेऊन आल्या आणि पट्टा बघून दाराशीच थबकल्या. संतोषची चुलती तेवढी बोलली. “आधीच पायाळू, वर हे जोखड! बिदरवाल्यांनी लग्नातच सांगायचं व्हतं की, आमच्यात असलं हाय म्हणून. काढा ते. मी तेल लावून चार दिवसांत पाय सरळ करते बघा.” असं म्हणत तिने पट्ट्याला हात घातलासुद्धा. सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी निर्मलाबाईंकडे. इतके दिवस ज्याची भीती होती ते आता या बोलणार, अशी माझी खात्री होती.

त्यांनी जावेचं मनगट धरलं. “सोड. बिदरचं न्हाई ते. माझ्याकडचं हाय.”

“तुमचं कामून, अक्का? तुमी तर गाडीतून पडलाव.”

“गाडी न्हाई न् बैल न्हाई. जन्मापासून हाय. पडलेली पोरगी खपती, खोट असलेली खपत न्हाई, म्हणून माझ्या आईनं गाडी सांगितली. मी डॉक्टरला सांगून आलेय. घराण्यातनं येऊ शकतंय म्हणाले, सांगितलं ते बरं केलाव, दुसऱ्या खुब्यावर बी नजर ठेवू म्हणाले. आता बघायचाच असंल तर माझा पाय बघा. पोरीच्या पट्ट्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

संतोष उंबऱ्यात उभा होता. त्यालाही हे आजच कळत होतं. चुलतीने टोपडं बाळाच्या डोक्यावर चढवलं. परतीच्या बसमध्ये मी सगळं पुन्हा ताडून बघत होतो. आईने रचलेली ती गाडी या बाईने जन्मभर ओढली, आणि सोडली ती त्याच घरात, जिथे पुढेही त्यांना याच माणसांत राहायचं होतं.

पुढच्या सोनोग्राफीत कोन त्रेसष्ट निघाला. पट्टा हळूहळू सुटला. मग एक्स-रे सुरू झाले. वाढ पुरी होईपर्यंत ते अधूनमधून काढायचेच आहेत. पोरगी, आमची अन्वी, चालायला लागली आणि निर्मलाबाईंचे फोन वाढले.

“आण्णा, सरळ चालायली का?”

“चालते. पण डावा पाय मला जरा...”

“मला बी तसंच वाटायलंय. डॉक्टर न्हाई म्हणतोय. त्याचं खरं धरायचं का आपलं?”

डॉक्टरांचंच खरं होतं. पण दोघं मिळून संशय घेण्यात बरं वाटायचं.

तेराव्याला गेलो तेव्हा त्यांच्या चपला ओसरीवर तशाच होत्या. अन्वी आता तीन वर्षांची. तिने त्यांत पाय घातले आणि अंगणात निघाली. डावीकडे उचलली, उजवीकडे खचली... आजीसारखीच लंगडत. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

“चप्पल काढ,” मी म्हणालो. “आता चाल.” ती चालली. “परत चाल.” परत चालली. “आता पळ बघू.” ती भिंतीपर्यंत पळत गेली आणि हसत परत आली. मला तरी सरळ वाटली. पडताळून घ्यायला मी सवयीने ओसरीकडे बघितलं. तिथे नुसत्या चपला होत्या, एक जाड, एक पातळ.