पायतानांची रांग

सेलूला मी आलो तेव्हा मला वीस वर्षं पूर्ण नव्हती. शाळा पाचवीतच सुटली होती आणि गाव राहिलं होतं लांब कोकणात. आमच्याकडचेच एक गृहस्थ सेलू स्टेशनात मालबाबू होते. त्यांनी मला चार महिने घरी जेवू घातलं, आपल्या शब्दावर बाजारातल्या एका दुकानात चिकटवलं. शेठ कंदील, स्टोव्ह, सायकलीचं सामान असलं विकत. बाबूंचे उपकार एवढे, की त्यांच्या घरावरून जातानासुद्धा मी चपला हळू वाजवायचो. आणि भीती अशी, की आपण काही चुकलो तर हे सगळं एका दिवसात जाईल.

त्या साली हातातल्या बॅटरीचं वेड आलं. बटण दाबलं की उजेड. लग्नाला निघालेल्या पोरांना ती हवी, पाटलांना हवी, मास्तरांना हवी. मुंबईहून पेटी यायची ती दीड-दोन महिन्यांनी, त्यात चार-पाच नग. शेठनं त्यावर कंट्रोलच्या, रेशनच्या दिवसांतली रीत चालू ठेवली होती. रॉकेलसाठी लोक आपलं पायतान रांगेत ठेवून कामाला जायचे, तसंच इथं. ज्याचं पायतान पुढं, त्याला माल आधी. शेठ म्हणायचे, "अपने दुकान में इन्साफ हाय. पाटील असो का फकीर असो."

मलाही तेव्हा तो इन्साफच वाटायचा. त्यातली मेख फार पुढं ध्यानात आली. ज्याच्या घरी दोन जोड होते तो जुना जोड पाठवून द्यायचा आणि नवा घालून हिंडायचा. ज्याच्याकडं एकच, तो उन्हात अनवाणी.

तो धनगर तसाच आला. चैत्र होता. त्याची मेंढरं रुळांच्या पलीकडं एका वावरात बसवली होती. पेटी दुपारी चारला उघडायची होती, पण हा सकाळीच हजर. नाल ठोकलेलं जड पायतान त्यानं काढलं, रांगेत चौथं ठेवलं आणि काठीनं चारही जोड मोजले. ओट्यावरची टवाळ पोरं बसलेलीच होती.

"धनगरा, तुझं पायतान बघून बॅटरी पेटीतच इझंल की रं!"

"इझू दे. मी पुन्हा लावीन," तो म्हणाला. "लांडगं लय झालेत, बाबा. कंदील धरून धावलं की वाऱ्यानं इझतो. कोकरं बारकी हायत."

मग मला म्हणाला, "भाऊ, ध्यान ठेव. पाणी पाजून येतो." आणि तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी निघून गेला.

त्याच्यामागं आणखी दोन-तीन जोड लागले. बाराच्या सुमारास बाबू आले. हातात जुन्या वहाणा, पायात पंपशू. रांगेच्या शेवटी वहाणा ठेवल्या आणि म्हणाले, "अरे, बघ जमलं तर." बस्स, एवढंच. मला तो हुकूम वाटला. खोटं कशाला बोलू, हुकूम वाटावा अशीच माझी इच्छा असणार. एवढ्या उपकारांची फेड करायची संधी आपल्या हातात आली, एवढंच मला दिसलं.

शेठ जेवायला गेले होते. पोरंही पांगली. मी दुकानापुढं पाणी मारून झाडायला काढलं. झाडायचं म्हणून सगळे जोड उचलून ओट्यावर ठेवले आणि झाडून झाल्यावर परत मांडले. पहिले तीन होते तसेच. चौथ्या जागी बाबूंच्या वहाणा. पाचवं धनगराचं.

चारला पेटी उघडली. बॅटऱ्या चारच होत्या.

धनगर काठी टेकत आला आणि मोजू लागला. एकदा मोजलं, परत मोजलं. "मालक, सकाळी माझं चौथं व्हतं."

शेठनं माझ्याकडं पाहिलं. "का रे? रांगेचा जिम्मा तुझा हाय."

"पाचवंच होतं, शेठ," मी म्हणालो.

धनगरानं काठी बगलेत घेतली. मग हसला. "मंग माझाच हिसाब चुकला आसंल. आमाला मेंढरं मोजायची सवय, पायतान न्हाई."

रोज संध्याकाळी शंभरावर मेंढरं मोजणारा माणूस चारात चुकत नाही, हे मला कळत होतं. त्यानं मला खोटारडा म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. खाली वाकून त्यानं पायतान घातलं तेव्हा त्याचे तळवे दिसले. मी पेटीतला भुसा गोळा करायला लागलो.

बाबूंना बॅटरी नेऊन दिली तर ते चकितच झाले. "इतक्यात? अरे, मला कुठं घाई होती? पुढच्या खेपेला मिळाली असती तरी चाललं असतं." दिवसाउजेडी भिंतीवर उजेड पाडून बघत होते. बाबूंच्या घरच्या काकूंनी मला जेवायला बसवलं आणि ताटात एक भाकरी जास्त वाढली. 'ही धनगराची आहे' एवढं म्हटलं असतं, तर बाबूंनी त्याच पावली परत दिली असती. तसे होते ते. पण मग मी कोण ठरलो असतो? मी भाकरी खाल्ली.

पंधरा दिवसांनी बाजारच्या दिवशी धनगर आला. पेटी आली का, विचारलं. मग सहज सांगितल्यासारखं म्हणाला, "लांडग्यानं दोन कोकरं नेली. कारभारीण धावली, पर दिसंना काईच."

मी घाईनं म्हणालो, "मामा, पुढच्या पेटीतली पहिली तुमची. मी राखून ठेवतो."

"तसं नगं, भाऊ. कोनाचं पायतान पुढं आसंल तर त्याच्या वाट्याचं मी घ्यायचं का? पाप लागंल. आमी रांगेनंच घेऊ. आता मेंढरं घेऊन फाट्याकडं जायलोय, पानी पडायच्या आत फिरून येतो."

पेटी आली तेव्हा तो नव्हता. मी तरी एक बॅटरी फळीखाली दडवली. तिसऱ्या दिवशी ती शेठच्या हाताला लागली. "ही कोनाची?" मी सांगितलं, धनगराची. "त्याचं पायतान कुठाय? न्हाई ना? मग राखायची कशी? ज्याचा नंबर, त्याला दे."

शेठचं बरोबरच होतं. पुढच्या गिऱ्हाइकाला मी ती दिली. सेल घातले, बटण दाबून दाखवलं. तो खूश होऊन गेला. धनगर त्यानंतर दुकानावर आला नाही.