कार्डावरची एकटी मेंढी

कपाट आवरताना चित्रकार्डांचा डबा उघडला आणि डांबरगोळ्यांचा वास आला. सोनपेठच्या दवाखान्यात मुलांचं बोलणं तपासायला मी दर बुधवारी हा डबा घेऊन जायचे. एकदा मेंढ्या राखणाऱ्या घरातली चार वर्षांची मुलगी आली. आई म्हणाली, "म्याडम, ही बोलतच न्हाई. आमी दिसभर रानात, ही मेंढरांमागं." चेंडू, कप, पंखा, प्रत्येक कार्डाला पोरगी गप्प. मेंढीचं कार्ड मात्र तिनं ओढूनच घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली. "काय आहे हे?" मी विचारलं. मी गुणांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढचं कार्ड काढलं, पण हातातलं ती सोडेना. मग हळूच म्हणाली, "बाकीची मेंढरं कुठं गेली?" एकटी उभी असलेली मेंढी तिनं जन्मात पाहिली नव्हती. आई माझ्याकडे बघतच राहिली. मी शून्य खोडलं. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आज सकाळपासून मी कुणाशी एक शब्द बोललेले नाही. डबा बंद करण्याआधी मेंढीचं कार्ड काढलं आणि उलटून मागं पाहिलं.